केसाएवढी प्रयोगशाळा

जगातलं कुठलंही काम केसाएवढ्या जागेत होऊ शकतं, जागा अपुरी पडते ती फक्त माणसाच्या अकलेला, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी सबंध नागपुरात पाहिला, आणि दुर्दैवानं तो माझा साडू निघाला. स्वतः साडूभाऊ मात्र दारातून वाकून आत यावं लागेल असे धिप्पाड. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. बाकीचे प्राध्यापक मोठमोठ्या चंबूंत द्रव ढवळत, त्यांच्याकडे पाहून म्हणायचे, "बादलीभर ओततेत अन् चमचाभर शिकतेत." त्यांना स्वतःला कशाचाही एक थेंब पुरे. खिशात टीपकागदाचे तुकडे कायम. लकडगंजातल्या एका लग्नात भर पंगतीत त्यांनी जिलबीचा पाक टीपकागदावर टिपला, ओला डाग पसरू दिला आणि मोठ्यानं जाहीर केलं, "यात दोन रंग हायेत. एक बेईमान हाये." मुलीच्या काकांना वाटलं, हे सरकारी अन्ननिरीक्षक. त्यांनी घाबरून साडूभाऊंच्या पानात श्रीखंड वाढायला सुरुवात केली ती थांबेचनात. शेजारी बसलो या गुन्ह्याबद्दल माझ्याही.

त्यांचं संशोधन सांगायला सोपं होतं. एका काचपट्टीवर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईनं बारीक रेघा ओढायच्या आणि काच खाणारं आम्ल लावायचं. मेण निघालं असेल तिथेच काच खाल्ली जाते आणि केसाएवढे पाट तयार होतात. त्यांत पांढरी भुकटी भरून वर दुसरी पट्टी चिकटवायची आणि एका टोकाला शाईचा थेंब सोडायचा. थेंब आपला आपण सरकतो आणि त्यातले रंग वाटेत एकमेकांची सोबत सोडतात. भुकटी ज्याला धरून ठेवते तो मागे रेंगाळतो, दुसरा पुढे निघून जातो. अशी अख्खी प्रयोगशाळा खिशात घालून खेड्यापाड्यांत जावं आणि विहिरीच्या थेंबभर पाण्यात काय मिसळलंय ते तिथंच बसून सांगावं, हे त्यांचं स्वप्न. आड यायचा तो फक्त हवेचा बुडबुडा. पाटात तो अडकला की थेंब जागच्या जागी. आठवडाभर कचेरीत फायली उपसून रविवारी मी त्यांच्याकडे जरा पाठ टेकायला जावं, तर हे दारातच उभे. "ये गा, बरा आला. जरा ही काच धरतं का?" मग दुपारभर मी काच तिरपी धरून उभा, आणि ते टिचक्या मारत, विनवण्या करत, शिव्या घालत बुडबुडा हुसकून राहिलेले. माझ्या तारुण्यातली बरीच उमेद त्या बुडबुड्यांमागे गेली.

रेघा ओढायची ती मात्र अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. साडूभाऊंच्या बोटांत सुई दिसतसुद्धा नसे. मे महिन्यात सकाळी नऊलाच मेण मऊ पडायचं, म्हणून ती पहाटे उठून वाळ्याच्या ओल्या ताटीआड बसायची आणि श्वास रोखून रेघ ओढायची. "मले काय त्यातलं समजते?" ती नवऱ्याकडे पाहत म्हणायची, "पण रेघ सरळ गेली का ह्यायचा दिवस बरा जाते."

एकदा दिल्लीहून दोन मोठे शास्त्रज्ञ कॉलेजात आले. त्यांना काम पटलं तर साडूभाऊंना उपकरणं मिळणार होती, आणि नाही तर कॉलेजनं प्रयोगांसाठी दिलेली अंधारी खोलीही जाणार होती. काच मीच मांडीवर जपत रिक्षातून नेली. थेंब सोडला, तो निघाला आणि मध्यावर थांबला. पाहुणे भिंगातून पाहत राहिले. एकानं घड्याळ पाहिलं. "प्रोफेसर साब, इसमें दिखेगा क्या?" "दिखेगा साब, थोडा रुकिये." ते थोडा रुकले आणि जेवायला गेले. ते जिना उतरले असतील नसतील, बुडबुडा निसटला आणि निळा, जांभळा, पिवळा असे तिन्ही रंग शिस्तीत वेगळे झाले. पाहायला आम्ही दोघंच. साडूभाऊ हाका मारायला धावले नाहीत. "जाऊ दे गा," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. महिन्याभरात त्या खोलीत मोडकी बाकं आली.

सामान घरी आलं. दोन वर्षांनी अक्काला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला. मला वाटलं, आता हे थांबतील. पण पहाटे तिला उठवून, तोंड धुवून, ताटीआड उशीला टेकवून बसवायचे आणि स्वतः सुई धरायचे. ती पाहायची. "वाकडी गेली जी. पुसा." ते पुसायचे. रेघा नाग नदीसारख्या वळणं घेत जायच्या, तरी रोज एक व्हायचीच.

पुढं त्यांचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेतून आला. त्यानं खिशातून करड्या रंगाची पातळ चकती काढली. तिच्यावर गुंडाळत गेलेला केसाएवढा पाट. साडूभाऊंनी भिंग लावलं आणि बराच वेळ डोकं वर केलं नाही.

"कोणी काढला?"

"मशीननं, सर."

"अन् बुडबुडा?"

"सर, यातून द्रव जातच नाही. वायूच सोडतात. वायूंचंच मिश्रण वेगळं करतात."

साडूभाऊ गदगदून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं. "ऐकलं का वं? जलमभर आपण हवा बाहेर काढून राहिलो, अन् यायनं हवाच आत सोडली!"

अक्कानं विचारलं, "मंग तुमाले काहून नाही सुचलं?"

"नाही सुचलं," ते म्हणाले. हसू ओसरलं होतं. इतका थकलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

निघताना विद्यार्थी म्हणाला, "सर, तुमची एक काच नेऊ का? तिकडे टेबलावर ठेवीन." साडूभाऊंनी खोका पुढे केला. त्यानं साहजिकच सगळ्यांत सरळ रेघांची काच उचलली. साडूभाऊंनी ती हळूच त्याच्या हातातून काढून घेतली आणि वेड्यावाकड्या रेघांची एक त्याच्या तळहातावर ठेवली.

"हे घेऊन जा," ते म्हणाले. "हे माही हाये. ते हिची हाये, ते नाही देता येत."