आबांची शेवटची पिशवी

आमच्या घरात दोन कुकर होते, एक माणसांचा आणि एक बुरशीचा. बुरशीच्या कुकरला मायनं लाल दोरा बांधून ठेवला होता, चुकून त्यात वरण लागू नये म्हणून. आबा, म्हणजे माझे वडील, त्यात तांदूळ शिजवायचे आणि तो भात घरात कुणीच खायचं नाही. "तुना बाप बुरशी रांधस, दख!" असं माय येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मला सांगायची. आबा हसायचे आणि शिट्ट्या मोजत बसायचे.

नरडाण्याकडे आमचं शेत. विहिरीला पाणी बरं, म्हणून ऊस. आणि ऊस म्हटला की हुमणी आलीच. जाडजूड पांढरी अळी, जमिनीत राहून मुळं खाते. वरून काही कळत नाही. एक दिवस पानं पिवळी पडतात, ठोंब ओढलं की अलगद हातात येतं. मला लहानपणापासून त्या ओढण्याची भीती वाटते. डोक्याहून उंच ऊस आणि खाली धरून ठेवायला काहीच नाही!

विषारी दाणे टाकून टाकून आबा कंटाळले होते. मग कुठल्याशा शिबिरातून ते हा उद्योग शिकून आले. शिजलेला भात पिशवीत भरायचा, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा, पुन्हा वाफ द्यायची आणि गार झाला की त्याला जुन्या बुरशीचं विरजण लावायचं. पिशव्या कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत राहायच्या. भात आधी पांढरा व्हायचा, मग हिरवागार. तो कुजलेल्या शेणखतात कालवून ओल असताना उसाच्या मुळाशी टाकायचा. बुरशी अळीच्या अंगात शिरते आणि आतून खाते.

पहिली मेलेली अळी आबांनी मला तळहातावर आणून दाखवली होती. खडूसारखी ताठ, अंगभर हिरवं पीठ. मी किंचाळले. "घाबरू नको बेटा," आबा म्हणाले, "ही मेली, पण हिचं काम आता सुरू झालं. मातीत राहील आणि दुसऱ्यांना धरेल." हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की मला रात्रभर झोप आली नाही.

आबा गेले ते थंडीत, अचानक. सकाळी बांधावर बसले ते उठलेच नाहीत. दहावं, तेरावं झालं, मी जळगावला सासरी परत निघाले, तेव्हा मायनं मला कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. तिथं एक पिशवी उरली होती. आबांच्या हातची, हिरवी. माय आबांचं नाव कधी घ्यायची नाही, आमच्याकडच्या रीतीनं 'त्या' म्हणायची. पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "त्यासनी लायेल शे. जित्ती शे." त्यांनी लावलेली आहे, जिवंत आहे. नवऱ्यामागं तिनं काय धरून ठेवलं होतं, तर ही बुरशी!

भाऊ म्हणाला, पावसाळ्यात नदीकडच्या पट्ट्यात टाकू, तिथं हुमणी फार आहे. तोवर सांभाळ. आणि मायनं सांभाळली हो! आमच्या खानदेशातल्या बाईला जपायचं म्हणजे एकच ठाऊक, ऊन दाखवायचं. ज्वारीचे बिबडे, पापड, मिरच्या, गहू, गोधड्या, सगळं चैत्र-वैशाखात गच्चीवर. घामोळं येईल अशा त्या धुळे-जळगावच्या उन्हात माय ती पिशवी रोज बिबड्यांशेजारी पसरायची आणि संध्याकाळी उचलून देवघरात ठेवायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले तेव्हा आबांच्या नावानं घागर भरली, आणि घागरीपाशीही ती पिशवी होती. मी बघितलं, पण मला तरी काय कळत होतं?

भावानं ती आषाढात शेणखतात मिसळून टाकली. भादव्यात मी माहेरी गेले, तर नदीकडचा पट्टा पिवळा पडलेला. ठोंबं ओढली की हातात येत होती आणि खाली हुमण्या कशा, टपोऱ्या, मजेत! भाऊ एका जाणकाराला जाऊन विचारून आला. त्यानं सांगितलं, ही बुरशी सावलीतली, ऊन लागलं की मरते.

माय तेव्हा बिचारी गोंधळून म्हणाली, "मी तं रोज ऊन दखाडं!"

"मारी टाकं तू!" भाऊ ओरडला.

त्याला बुरशी म्हणायची होती. पण मायच्या तोंडाकडे बघून मला कळलं, तिनं काय ऐकलं ते. काय गरज होती त्याला तोंड उघडायची? मी त्याला असं झापलं की त्याची बायको मधे पडली. पण बाण सुटला तो सुटला.

त्यानंतर मायनं शेताचं नाव टाकलं. फोन केला की इकडचं-तिकडचं बोलायची. मग हळूच, "मीच मारं त्यासले." अगं, ती बुरशी होती, मी म्हणायचे. ती ऐकायची नाही. वहिनी सांगायची की माय लाल दोऱ्याचा कुकर रिकामाच चुलीवर ठेवते आणि शेजारी बसून राहते. मला भीती वाटायला लागली. एक माणूस थंडीत गेलं, दुसरं असंच बसल्या बसल्या जाईल.

कार्तिकात भावानं तो पट्टा मोडायला काढला. मी पॅसेंजरनं नरडाण्याला उतरले आणि मायला जवळजवळ ओढतच शेतात नेलं. ती बांधावर उभी राहिली, आबा बसायचे तिथं, पण वावरात पाय टाकेना. भाऊ कुदळीनं ठोंबं काढत होता. एक कड मात्र हिरवी होती. त्या कडेला आबांनी आदल्या वर्षी स्वतः बुरशी टाकली होती. तिथलं ठोंब मी ओढलं, तर ते येईना. भावानं बाजूनं उकरलं आणि थांबला.

मातीत हुमणी होती. ताठ, अंगभर हिरवं पीठ. शेजारी आणखी एक, तशीच.

आबांचा आवाज कानाशी आल्यासारखा झाला. माय कधी खाली उतरली कळलंच नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि चप्पल काढून मातीत बसली. त्या अळीवर वाकली.

"मी नही मारं," ती म्हणाली. "त्या आठेच शेतस." ते इथंच आहेत.

मग ती भावावर खेकसली, उघडं काय ठेवतोस, ऊन लागेल. आणि स्वतःच दोन्ही हातांनी वरून माती लोटायला लागली.