बोत्सवाना की नामिबिया, आणि गाडी कोण चालवणार

सुरुवातीपासूनच सांगते, नाहीतर मी मधूनच कुठूनतरी सुरू करते आणि मग ऐकणारा नुसता हो हो करत बसतो.

२०२१ चा फेब्रुवारी होता. डब्लिनजवळ समुद्राकाठच्या डून लेरीला आम्ही दोघी राहायचो, मी पुण्याची आणि माझी रूममेट नागपूरची. दोघींनी डब्लिनमध्ये मास्टर्स केलं, दोघींना नोकऱ्या लागल्या, आणि त्या दोन्ही नोकऱ्या आम्ही एकाच जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून करत होतो. लॉकडाऊनमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही असा नियम. खिडकीतून डार्ट, म्हणजे इथली लोकल, दिसायची, सगळे डबे रिकामे. आणि अशा दिवसांत मी आफ्रिकेतली सफारी प्लॅन करत होते, आणि तीही फुल कॉन्फिडन्सने.

हे सगळं आईमुळे. आई बँकेत होती आणि पुढच्या मार्चमध्ये रिटायर होणार होती. आम्ही दीड वर्षं भेटलो नव्हतो. लॉकडाऊनमध्ये तिला कुणीतरी एक लिंक पाठवली, वाळवंटातल्या एका पाणवठ्यावर कॅमेरा लावलेला, चोवीस तास लाइव्ह. आई भाजी निवडताना मोबाइल डब्याला टेकवून ते बघत बसायची. मला मेसेज यायचा, "आत्ता बघ, ते लांब शिंगवाले आलेत." मी मीटिंगमध्ये असले तरी दुसऱ्या टॅबमध्ये उघडायचे. ती पुण्यात, मी आयर्लंडमध्ये, आणि दोघी एकाच ओरिक्स हरणाला पाणी पिताना बघतोय. मग एकदा ती म्हणाली की रिटायर झाल्यावर आपण तिघं मध्येच कुठेतरी भेटू या का, अशा ठिकाणी. आईने स्वतःहून काहीतरी मागितलंय, हे माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. त्यामुळे हे जमलंच पाहिजे होतं.

दक्षिण आफ्रिका नको, ती सगळेच करतात, असं मी आधीच ठरवून टाकलं. उरले शेजारी शेजारी दोन देश, बोत्सवाना आणि नामिबिया. मी शीट बनवली. प्राणी, हवामान, व्हिसा, शाकाहारी जेवण (आईच्या गुरुवारच्या उपवासाला वेगळा कॉलम), आणि बोत्सवाना सरळसरळ जिंकला. तिथे एक नदी समुद्राला न मिळता वाळवंटातच पसरते आणि तिच्या पाण्यातून लाकडी होडीतून जाताना हत्ती बघायचे. मी रविवारी व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून अर्धा तास प्रेझेंटेशन दिलं. बाबा म्हणाले, ऑफिसात पण एवढं बोलतेस का गं. आई सगळं नीट ऐकत होती. शेवटच्या स्लाइडवर मी सांगितलं की कॅम्पपर्यंत रस्ताच नाही, छोट्या विमानातून जायचं, सहा सीटचं, गवतावर उतरतं.

आई म्हणाली, "छानच आहे. तू आणि बाबा जाऊन या. मी बरी आहे घरी."

बस, संपलं. हे वाक्य ज्यांनी आपल्या आईकडून ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आणि माझंच चुकलं होतं, कारण मला माहीत होतं. मी अकरावीत असताना आम्ही सोसायटीतल्या लोकांबरोबर यात्रेला गेलो होतो, तिथे हेलिकॉप्टर होतं. आई आत बसली, पट्टा लावला, आणि पंखा फिरायला लागल्यावर पट्टा काढून शांतपणे खाली उतरली. आम्ही सगळे दर्शन घेऊन येईपर्यंत ती हेलिपॅडच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार तास बसून होती, वर आम्हाला विचारते, गर्दी होती का फार. मोठ्या विमानाचं तिला काही वाटत नाही. छोट्याचं वाटतं. शीटमध्ये मी हवामानाचे सहा कॉलम केले आणि आईचा एकही केला नाही.

म्हणजे नामिबिया. आणि खरं सांगू का, त्याच रात्री मी शोधलं तर आईचा तो पाणवठासुद्धा नामिबियातलाच निघाला. तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. मग तू बोलली का नाहीस, विचारलं तर म्हणे, तू एवढ्या उत्साहाने सांगत होतीस.

आता नामिबियाची गंमत अशी की तिथे बहुतेक लोक स्वतः गाडी चालवत फिरतात. मोठ्या अभयारण्यातसुद्धा आपली गाडी आपणच न्यायची, पाणवठ्याशी उभी करायची आणि काचेतून बघायचं. रस्ते खडीचे, पण रिकामे आणि आपल्यासारखेच डाव्या बाजूचे. ड्रायव्हर घेता येतो, पण मग आमच्या बजेटमध्ये दिवस निम्मेच उरत होते. मी शीटमध्ये नवीन कॉलम टाकला, 'गाडी कोण चालवणार', आणि त्यात बिनधास्त लिहिलं, मी.

रूममेटने मागून वाचलं. "तू? तुला सुपरमार्केटमधली ट्रॉली सरळ नेता येत नाही बे."

मी तिला लायसन्स दाखवलं. अठराव्या वर्षी काढलेलं, सात वर्षं जुनं. नामिबियातल्या गाड्या भाड्याने देणाऱ्यांना एवढंच लागतं, इंग्रजीतलं लायसन्स आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव. कागदावर माझा सात वर्षांचा होता. फक्त मला गाडी येत नव्हती. पुण्यात मोटार ट्रेनिंग स्कूलचे काका शेजारी बसायचे, त्यांच्या पायाखाली दुसरे ब्रेक आणि क्लच, आणि खरी गाडी तेच चालवायचे. मी स्टिअरिंग धरून बसायचे. टेस्टच्या दिवशी आरटीओच्या मैदानात आम्ही, म्हणजे त्यांनी, एक फेरी मारली, साहेबांनी सही केली, आणि मी घरी पेढे घेऊन गेले. त्यानंतर सात वर्षं मी ते लायसन्स फक्त आयडी म्हणून वापरलं. माझ्या कॉलेज ग्रुपमधल्या निम्म्या लोकांची हीच स्टोरी आहे, आम्ही यावर हसतो. पण आता या लायसन्सवर मी आईला खडीच्या रस्त्यावरून, जिथे पुढचं गाव दीडशे किलोमीटरवर, घेऊन जाणार होते. त्यावर मात्र मला हसू येईना.

म्हणून मी शून्यापासून सुरुवात केली. इथली थिअरी परीक्षा दिली, शिकाऊ परमिट काढलं, आणि निर्बंध सैल होऊन क्लास सुरू झाल्यावर एक इन्स्ट्रक्टर शोधला. साठीचा माणूस, मास्कमुळे चष्म्यावर कायम वाफ. त्याने विचारलं आधी कधी चालवली आहेस का. मी म्हटलं, सात वर्षांचं लायसन्स आहे. पहिल्या राउंडअबाउटनंतर त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाला, ग्रँड (इथे 'ठीक आहे'ला हेच म्हणतात), असं समज की ते लायसन्स तू कधी काढलंच नाहीस. त्याच्याही पायाखाली दुसरे पेडल होते, पण हा माणूस पाय सीटखाली मागे ओढून बसायचा. गाडी बंद पडली तर पडू दे. पहिल्या महिन्यात ती इतक्या वेळा बंद पडली की मागच्या गाडीतले लोक हात हलवून धीर द्यायचे. इथे हॉर्न वाजवत नाहीत, त्याने जास्त लाजायला होतं.

त्याला मी सफारीचं सगळं सांगून टाकलं, गिअर बदलताना सांगायला नको होतं पण सांगितलं. त्यानंतर दर दोन-तीन क्लासला तो मला विकलोच्या डोंगराळ भागाकडे न्यायचा, एका शेताकडे जाणारा खडीचा रस्ता होता तिथे. खडीवर जोरात ब्रेक मारला की गाडी कशी सरकते ते त्याने मला मुद्दाम सरकवून दाखवलं. 

घरी मी काय सांगत होते? की मस्त चाललंय. ऑगस्टमध्ये बुकिंग करायची वेळ आली, कारण निर्बंध उठतील म्हणून सगळेच पुढच्या जूनच्या तारखा धरत होते. मी आईला सांगितलं, नामिबिया फायनल, गाडी मी चालवणार.  ती म्हणाली, तुझ्या सरांशी बोलायचंय मला.

मी म्हटलं, आई, मी पंचवीस वर्षांची आहे. ती म्हणाली, हो ना, मग लाव फोन.

तर एका शनिवारी क्लास संपल्यावर, समुद्रासमोर गाडी उभी करून, मी व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला.  आईने आधी त्याला चहा झाला का विचारलं, मग बँकेतल्या काउंटरवरच्या तिच्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, विचारलं की ही मुलगी मला गाडीतून नीट नेईल का. शेजारी बसलेली मी त्याला डोळ्यांनी सांगत होते, हो म्हण, प्लीज हो म्हण.

त्याने चष्म्यावरची वाफ पुसली. मग म्हणाला, "आज नाही, मॅडम. आज मी माझ्या आईला हिच्या गाडीत बसवणार नाही. ख्रिसमसपर्यंत द्या मला. तेव्हा विचारा."

मला वाटलं गेलं सगळं. सहा महिने, शीट, आईची सफारी, सगळं. इतका राग आला मला त्याचा. मी मोबाइल परत घेतला तेव्हा आईचा चेहरा स्क्रीनभर होता, ती मोबाइल नेहमी नाकाला लावूनच धरते, आणि ती चक्क हसत होती.

"हा माणूस खरं बोलतो," ती मराठीत म्हणाली. "तो हो म्हणाला असता ना, तर मी आलेच नसते. तुझ्या त्या मोटार ट्रेनिंगवाल्या काकांनी पण हो म्हटलं होतं. टेस्टच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला उभी होते, मला काय दिसलं नाही का कोण चालवतंय ते?"

सात वर्षं तिला माहीत होतं. पेढे पण खाल्ले तिने.

मग तिने स्वतःच ठरवून सांगितलं, नामिबिया. बाबांना आतून ओरडून सांगितलं, बुक करतेय ती. मी विचारलं की आणि ख्रिसमसला सर परत नाही म्हणाले तर? "तर तारीख पुढे जाईल," ती म्हणाली, "देश नाही बदलायचा."

इन्स्ट्रक्टरला मराठी कळत नव्हतं. तो बिचारा अपराधी चेहऱ्याने विचारत होता की मी फार कडक बोललो का. मी त्याला सांगितलं की आमच्या सफारीवर त्याला नोकरी मिळाली आहे, ख्रिसमसला मला पास-नापास करायची, माझ्या आईकडून, पगार नाही. तो म्हणाला ग्रँड, आणि मग घड्याळ बघून म्हणाला की पुढच्या क्लासला अजून वीस मिनिटं आहेत, त्या खडीच्या रस्त्यापर्यंत नाही पण बंदराच्या चढापर्यंत होईल. चढावर गाडी मागे न घसरता सुरू करणं मला अजून एकदाही जमलेलं नव्हतं.

पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा पण. मागे एक बस येऊन थांबली. मी आरशात बघितलं, बघितलं आणि सोडून दिलं, क्लच हळूच उचलला, आणि गाडी वर गेली.