देविदासच्या टेबलावरची वाइन

देविदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो. सकाळीच हृदयविकाराचा झटका आला होता. खोटं कशाला सांगू... आधी वाटलं, सुटलो. आता तो मला विचारणार नाही. रडू नंतर आलं. दीड महिना झाला, घरात एका जागी बसवत नाही, म्हणून हे लिहितोय.

वणीच्या कोळसा खाणीत तो सर्व्हेअर, मी इथल्याच शाळेत मास्तर. वीस वर्षांची मैत्री. दर हिवाळ्यात आम्ही दोघं नाशिककडे वाइनचे द्राक्षमळे पाहायला जायचो. मी घरी देवदर्शन सांगून निघायचो. तो बायकोला, सुमनवहिनींना, मळ्याचं नाव सांगून. मळ्यात शिरला की आधी वाकून माती उचलायचा, बोटांत चुरायचा, मगच ग्लास नाकाशी न्यायचा. "आपली काळी माती पाणी सोडत नाही मास्तर, द्राक्षाचे पाय कुजतीन." आणलेल्या बाटल्या तो गव्हाच्या कोठीत पुरून ठेवायचा. पहिल्या वर्षी मे महिन्यात कपाटातल्या चारही बाटल्या उन्हाळ्यानं नासल्या, तेव्हापासून. शनिवारी संध्याकाळी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, भाकरी आणि दोघांना एकेक ग्लास. दुसरा कधीच नाही. वहिनी वाढायच्या, मुलगी वैशाली समोर जेवायची. मी मात्र बडीशेप चघळत घरी परतायचो. "कायले भेतं येवढा? चोरी करून राह्यला का?" असं म्हणून तो हसायचा.

तीन वर्षांपूर्वी वैशालीला यवतमाळचं स्थळ आलं. मुलाचे मामा चौकशीला थेट शाळेत आले. "मास्तर, तुम्ही जवळचे. मुलीचे वडील पितात म्हणे?" स्टाफरूममध्ये आणखी दोघं बसले होते. जेवताना एक ग्लास, मीही सोबत असतो... एवढंच बोलायचं होतं. मी म्हणालो, "मी काही त्यातला नाही. ऐकलं मात्र आहे."

स्थळ मोडलं. त्या शनिवारी देविदासनं नेहमीसारखा माझ्यापुढे ग्लास ठेवला. "कोनं सांगतलं असन, मास्तर?" मी रस्स्यात भाकरी कुस्करत राहिलो. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. आज विचारेल, आज विचारेल, असं करत मी तीन वर्षांचे शनिवार काढले.

गेल्या रविवारी वैशालीला पाहायला वर्ध्याचे पाहुणे आले. दारूबंदीच्या जिल्ह्यातली माणसं. वहिनींनी मला बोलणं करायला बसवलं. माझी बायकोही होती. चहा झाला आणि मुलाच्या वडिलांनी देविदासच्या फोटोकडे पाहत विचारलंच, "यायले दारूची सवय होती म्हणतात?"

"वाइन घ्यायचे," मी म्हणालो. "शनिवारी, जेवताना, एक ग्लास. मी सोबत असायचो. आणि मागचं स्थळ माझ्या बोलण्यानं मोडलं."

बायकोनं कप खाली ठेवला. वैशालीची नजर माझ्यावरून हलेना. "कळवतो," म्हणून पाहुणे उठले. ते गेल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, "हे तवाच सांगाचं होतं, भाऊजी."

काल शनिवार. कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. देविदास जेवताना बाहेरचं दार सताड उघडं ठेवायचा. मी उठून कडी घालायचो. काल घातली नाही. वहिनींनी ताट वाढलं, ग्लास ठेवला नाही, मी मागितलाही नाही. येणारे-जाणारे आत पाहत होते... पाहू दिलं. मधेच फोन वाजला आणि वहिनी, वैशाली, मी, तिघंही भरल्या ताटावरून उठलो.

वर्ध्याचा नव्हता.