पहिला हात पांढऱ्याचा

युद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानांची छोटी प्लॅस्टिकची मॉडेल्स लोक हौसेने जोडतात. त्या विमानांच्या पंखांवरची गोल चिन्हं आणि अंगावरची मोठमोठी अक्षरं वेगळ्या कागदावर छापलेली मिळतात. कागद पाण्यात भिजवला की चिन्ह सुटतं, मग ते बोटाने हळूच सरकवून पंखावर बसवायचं. माझ्या नणंदेचं सगळं आयुष्य ही चिन्हं छापण्यात गेलं. स्पिटफायर विमान कशाशी खातात हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ताईंना दुसरं काही ठाऊक नव्हतं.

गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं असायचं, म्हणून छापखान्यात त्यांना भिंगताई म्हणत. लाल ठिपका वर्तुळाच्या मधून केसभर सरकला तरी कागद बाद. घरीही तीच तऱ्हा. मी घातलेली चादर एका बाजूला जास्त लोंबते, हे त्या दारातूनच सांगत. लग्नाआधी मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हाही भिंग गळ्यात होतं. मला वाटलं, आता लावून बघतात की काय! बाकी बोलणं बेताचंच. देवाने यांना तोंड फक्त जेवायला दिलंय, असं मी नवऱ्याला चिडवायची आणि तो हसायचा. आई-वडील लवकर गेल्यावर ताईंनीच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत.

एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता माझा नवरा खाली बसला तो उठलाच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला निरोप देऊन आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी खिडकीशी बसले होते. कडी वाजली म्हणून मागे वळून पाहिलं तर ताई पिशवी घेऊन दारात. "निघते गं," म्हणाल्या आणि गेल्या. कामावर! भेटायला आलेल्या शेजारणींनी विचारलं, बहीण कुठे आहे? मी खरं ते सांगितलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. संध्याकाळ झाली, त्या उठून गेल्या, आणि मी दिवा न लावता तशीच बसून राहिले. ताई आल्या, हात धुतले, जेवल्या, ताट घासून ठेवलं आणि झोपल्या.

पुढे रोज हेच. त्यांच्या डोळ्यांत मी पाण्याचा टिपूस पाहिला नाही. मी आधी खूप रडले, मग माझंही आटलं. सकाळ व्हायची, दुपार व्हायची, काही वाटायचं नाही. दात घासताना आपण दात घासतोय हेही कळायचं नाही. एक राग तेवढा शिल्लक होता, आणि तो ताईंवर होता. एकदा मी मुद्दामच विचारलं, "त्याचे कपडे कुणाला द्यायचे?"

"दे कुणालाही," त्या म्हणाल्या. "राखाडी शर्टाचं बटण तुटलंय, तेवढं लावून दे."

माझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी हे त्याला सांगितलं. "त्या दगडाजवळ काय करतेस तू?" तो म्हणाला. "रविवारी गाडी घेऊन येतो. कायमचीच ये इकडे." मी हो म्हटलं. हो म्हणतानाही बरं वाटलं नाही की वाईट वाटलं नाही.

आता ताईंना सांगायचं राहिलं. घरी सांगितलं असतं तर "बरं" म्हणून त्या ताट घासायला गेल्या असत्या, आणि ते मला सहन झालं नसतं. चार लोकांसमोर सांगावं, म्हणजे काहीतरी बोलावंच लागेल, अशा विचाराने शुक्रवारी दुपारी मी छापखान्यात गेले.

तिथे मशीन बंद होतं. टेबलावर गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या चिन्हांच्या पाकिटांचा ढीग होता. ताई स्टुलावर बसल्या होत्या आणि मालक समोर उभे होते. वयाने ताईंपेक्षा बरेच लहान, वडिलांच्या पश्चात छापखाना चालवणारे. "बरं झालं आलात, वहिनी," ते म्हणाले. त्यांनी एक चिन्ह कापून बशीतल्या पाण्यात सोडलं. कागदावर ते झकास दिसत होतं. बाहेर पिवळं कडं, मग निळं, मग पांढरं, मधोमध लाल ठिपका. मग त्यांनी ते विमानाच्या गडद हिरव्या पंखावर सरकवलं आणि फडक्याने टिपलं.

चिन्ह गेलं. पिवळं हिरव्यात बुडालं, निळं काळं पडलं, पांढऱ्या कड्याचा पत्ताच नाही. लाल ठिपका वाळलेल्या डागासारखा दिसत होता.

"पहिला हात पांढऱ्याचा द्यावा लागतो," मालकांनी मला समजावलं. "खाली पांढरा असेल तरच वरचे रंग उठतात. इथे तो दिलेलाच नाही. एरवी आपला कागद निळसर असतो, त्यावर लगेच कळलं असतं. हा माल छापला तेव्हा नेमका पांढरा कागद आला होता. दिसायला सगळं ठीकच दिसलं."

"ताईंनासुद्धा?" मी विचारलं. कागद उजेडात तिरका धरून पांढऱ्यावरचा पांढरा ओळखणारी बाई ही. मालकांनी पंख ताईंपुढे धरला.

ताईंनी भिंग लावून पंख बराच वेळ पाहिला. "हे माझं काम नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी असते तर पांढरा राहिला नसता. कधीचा माल आहे हा?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. मी म्हणत होतो घरी जा, तुम्ही ऐकलं नाहीत. दिवसभर मशीनवर उभ्या होतात, ताई."

"काहीतरीच काय!" ताई म्हणाल्या. "माझा भाऊ गेला होता. मी कशी येईन कामावर? मी घरी होते, हिच्याजवळ." त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, सारवासारव नव्हती. किल्ली कुठे ठेवलीस, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "सांग ना गं यांना. सकाळपासून तू खिडकीशी बसली होतीस. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीस. मी शेजारीच होते ना?"

त्या दिवशी माझ्या शेजारी कुणीही नव्हतं. इतके दिवस मी तेच मनात धरून बसले होते, आणि ताईंच्या मनात मात्र त्या माझ्या शेजारून उठल्याच नव्हत्या. मला रडू आलं नाही. राग शोधला, तर तो जागेवर नव्हता.

"हो," मी म्हटलं. "दिवसभर होतात. दोनदा पाणीही आणून दिलंत."

"बघा," ताई मालकांना म्हणाल्या.

मालकांनी पंख खाली ठेवला. "मग दुसऱ्या कुणाच्या हातून राहिलं असेल," ते म्हणाले. "मी बघतो."

ताई उठल्या. पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि काठीने ढवळायला लागल्या. ढवळता ढवळता थांबल्या आणि म्हणाल्या, "तू कशाला आली होतीस गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "म्हटलं, आज आपण दोघी मिळून घरी जाऊ."