आबांच्या आगटीचा नियम

बारामतीजवळच्या कळंबला आमच्या शेताला लागून ज्यांचं रान आहे, ते आबा मला दर हिवाळ्यात हुरड्याला बोलवायचे. बोलणं मोजकंच, तेही "मंजी कसं" म्हणत थांबत थांबत. गोवऱ्यांच्या आगटीभोवती ते वस्तीवरची सगळी पोरं बसवत, ऊसतोड्यांचीसुद्धा, आणि आधी बजावत, "आपलं आपण खायाचं न्हाय हितं. चोळायचं आन् शेजारच्याच्या हातावर घालायचं."

एका वर्षी मी बारामतीहून स्कूटरवर माझ्या मुलालाही नेलं. पोराला हे कळायला हवं, असं मीच बायकोला ऐकवलं होतं. तो भाजलेलं कणीस चोळायचा आणि स्वतःच खायचा. शेजारी ऊसतोड्यांची एक मुलगी हात पसरून बसली होती.

आबा रागावले नाहीत. उठून दोघांच्या मध्ये येऊन बसले. आधी मुलीची ओंजळ भरली, मग माझ्या मुलाची.

मी ओशाळून त्याच्यावर खेकसलो, "दे की तिला!"

"ऱ्हाऊ द्या, सायेब," आबा म्हणाले. "मंजी कसं, बघून बघून शिकंल."

मी खाली पाहिलं. आगटीभोवतीचे सगळे तळवे राखेनं काळे झाले होते. माझे मात्र स्वच्छ होते, आणि तोंडात कुणीतरी चोळून दिलेला हुरडा होता.