हिरव्या पाण्यातल्या बायका

शुभा ताम्हणे मुलुंडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या त्याच वर्षी मेंदूत गुठळी झाली. हातपाय वाचले, बोलणं शाबूत राहिलं. गेलं ते फक्त वाचणं. लिहिता यायचं, पण स्वतःच लिहिलेली ओळ समोर धरली की अक्षरं पाण्याखाली गेल्यासारखी हलायची. दुकानांच्या पाट्या दिसू नयेत म्हणून त्यांनी खाली उतरणंही सोडलं.

एक दिवस मुलगी गंधाली छापील चित्रांची चळत घेऊन आली. युरोपातल्या सहाएकशे वर्षांपूर्वीच्या हस्तलिखिताची पानं, नेटवरून काढलेली.

"मला कशाला? वाचता येतंय का मला?"

"अगं आई, हे जगात कुणालाच वाचता येत नाही. भाषा कुठली, तेही ठाऊक नाही."

शुभाबाई खळखळून हसल्या. आजारानंतर पहिल्यांदाच.

चित्रं विलक्षण होती. हिरव्या पाण्याची टाकी, वळणावळणाच्या नळ्या, आणि त्या पाण्यात उभ्या उघड्या बायका. कुणी म्हणे ती स्नानगृहं, कुणी म्हणे जादूटोणा. दुपारी पडल्या पडल्या बाई ती बघायच्या. डोळे मिटले की हिरवं पाणी चढत यायचं. मग त्याही त्या रांगेत असायच्या, शेजारणीचा ओला हात धरून, नळीतून वर, पानातल्या उजेडाकडे हळूहळू सरकत.

अशाच एका दुपारी त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि काकडी उभी कापली. पाणेरी गरात बिया ओळीने बसल्या होत्या, प्रत्येक आपापल्या जागी चिकटून.

"गंधाली, या बायका नाहीत गं! बीजांडं आहेत, बी होण्याआधीची. ही टाकी म्हणजे फुलाचं पोट. आणि या नळ्यांतून झाडाचं पाणी चढतंय, बघ."

त्यांचा जुना विद्यार्थी देवव्रत आता स्वतः प्राध्यापक होता. रविवारी आला आणि बराच वेळ पानं उलटत बसला.

"बाई, कल्पना सुंदर आहे. पण मजकूर वाचल्याशिवाय सिद्ध कसं करणार?"

"नाहीच करता येणार."

"आणि चित्रातल्या या एकीच्या हातात हे काय आहे? ते कशातच बसत नाही."

"तिथेच तर अडलेय रे मी," बाई म्हणाल्या. किती महिन्यांनी त्या आजाराला सोडून दुसऱ्या कशावर तरी अडल्या होत्या. चेहरा उजळला होता.

पुढे सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून आपला बीजांडांचा अंदाज सांगितला. शेजारच्या सुनंदाबाईंनी विचारलं, "कडेला लिहिलंय काय?"

"माहीत नाही," शुभाबाई सहज म्हणाल्या, आणि पुढच्या चित्राकडे वळल्या.

वाचन परत आलं नाही. सकाळी मात्र त्या बाजारात जाऊ लागल्या, पाट्यांकडे न बघता, पडवळं आणि दोडकी निवडत. एकदा सुनंदाबाईंनी ताटलीत आडवी कापलेली भेंडी पाठवली. इवल्या खोल्या, आणि प्रत्येकीत एक पांढरी बी. बाई ती खिडकीतल्या उन्हात धरून बसून राहिल्या. त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला.