कोरी ओळ

झरीच्या शिवारात आम्ही सहा-सात जण द्राक्षं लावून बसलो होतो. ज्वारी-कापसाच्या मुलखात द्राक्ष म्हणजे गावाच्या मते डोकं फिरल्याचं लक्षण. नाशिककडची ऐकीव माहिती आमच्या काळ्या मातीत चालेना, म्हणून एकमेकांच्या बागांवरच शिकायचं ठरलं. अमावास्येला बैल जुंपत नाहीत, सगळे मोकळे असतात. त्या दिवशी एकेकाच्या बागेत जमायचं, पानं उलटून बघायची आणि मालकाची खुशाल उणीदुणी काढायची. शाळेत पोरांना मी झापायचो, इथं मला झापायचे. मला ते फार आवडे.

गटात आम्ही एकटेच बौद्ध. दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. कोण कुणाच्या ओट्यावर बसतो, याची गावात चर्चा व्हायची. तरी गटातले सगळ्यांत मोठे बागायतदार, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, मला शेजारी बसवून घेत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटे.

त्या साली केवड्याचा प्रयोग ठरला. केवडा आला की पानावर तेल सांडल्यासारखे पिवळे डाग पडतात, खालून पांढरी बुरशी येते. कोवळ्या घडाला लागला की घड गेलाच. मोरचूद-चुन्याचं पाणी पावसाआधी फवारावं की पावसानंतर, यावर आमच्यात दोन तट होते. मग ठरलं, एकाच बागेत काही ओळी आधी फवारायच्या, काही नंतर, आणि एक ओळ कोरी सोडायची, म्हणजे न फवारता काय होतं तेही दिसेल. सगळ्यांनी मिळून बघितल्याशिवाय कोऱ्या ओळीला हात लावायचा नाही. बाग माझी निवडली. ओळ निवडली रस्त्याकडेची, पूर्वेची, येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रयोग दिसावा म्हणून. दिवाळीच्या सुमाराचा पाऊस-वारा पूर्वेकडूनच येतो, हे इतक्या शहाण्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

अमावास्या होऊन गेली आणि आभाळ भरून आलं. भुरभुर सुरू झाली ती थांबेना. कोऱ्या ओळीवर डाग दिसले.

"आवो, पानं पिवळी पडायलेत," बायको म्हणाली. "पंप घ्या की पाठीवर."

"शब्द दिलाय."

"शब्दाला घड लागतेत का?"

मी आबांकडे गेलो. पुढच्या अमावास्येपर्यंत वाट बघितली तर बाग हातची जाईल, तेवढी ओळ फवारू द्या, म्हणालो. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला.

"गुरुजी, मला कळतंय. पर नेम मोडला तर बाकीचे म्हणतील, ह्या लोकायला घेतलंच कशाला. तुमाला मी आणलंय गटात. माझी इज्जत ठेवा."

ते प्रेमानं बोलले, हेच वाईट होतं. रागावले असते तर मी भांडून मोकळा झालो असतो.

मग तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शाळा सुटल्यावर उघडीप मिळाली की निळं पाणी कालवायचं, पावसानंतरच्या ओळी कोऱ्या ओळीच्या शेजारपर्यंत फवारत यायच्या आणि तिथं पंप थांबवायचा. पुढं हातभरावर वेली जळत होत्या आणि वारा त्यांची बुरशी माझ्याच अंगावरून आत नेत होता. मला आबांचा राग आला, गटाचा आला, सगळ्यांत जास्त माझ्या शब्दाचा आला. दुसऱ्या कुणी ती ओळ फवारली असती तर गटानं हसून सोडून दिलं असतं. मी फवारली असती तर ती एकट्या माझी चूक राहिली नसती, अख्ख्या वस्तीची झाली असती. रोज पंप धुवून टांगताना मला रडू यायचं.

अमावास्येला सगळे आले. रस्त्याकडची अर्धी बाग, पावसानंतर फवारलेल्या ओळींसकट, करपली होती, घड काळे पडून गळत होते. पलीकडच्या, पावसाआधी फवारलेल्या ओळी मात्र हिरव्यागार. वादच मिटला. "लय साफ निकाल हाय," म्हणत मंडळी खूश होऊन फिरली. करपलेले घड हातात घेऊन एकमेकांना दाखवत होती.

आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पुढल्या साली भुरीच्या रोगाचा प्रयोग करू. कोरी ओळ गुरुजीकडंच ठेवू. असा शब्दाचा पक्का माणूस दुसरा न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या.

बायको चहा घेऊन आली होती. तिनं किटली खाली ठेवली.

"आबा, पुढल्या साली तुमच्या बागेत ठेवा. बघायला आमी येताव."

मी तिला दटावीन म्हणून आबा माझ्याकडे बघत राहिले.

"बरोबर बोलायली ती," मी म्हणालो.

आबा हसले, बघू म्हणाले. पुढंही आम्ही अमावास्येला जमत राहिलो. छाटणीवर वाद झाले, खतांवर झाले. कोरी ओळ मात्र परत कुणाच्याच बागेत ठेवली गेली नाही.